उदयोन्मुख देशांतली नवकल्पना ईटीएफमधून विकत घेता येते का?

तुमचा प्रश्न असा आहे: वय ३६, चाकणच्या वाहनभाग कारखान्यात नोकरी, घरकर्जाचे हप्ते चालू, आणि जमिनीच्या व्यवहारातून ९ लाख रुपये हाती आले आहेत, जे पुढची १५ वर्षे लागणार नाहीत असे तुम्हाला वाटते. भारत, ब्राझील, आफ्रिका, आग्नेय आशिया अशा ठिकाणी व्यवसायाच्या नव्या पद्धती जन्माला येत आहेत, पुढची वाढ तिथेच होणार आहे, तेव्हा ही सगळी रक्कम ‘उदयोन्मुख बाजार आणि नवकल्पना’ अशा विषयावरच्या ईटीएफमध्ये (म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या आणि शेअरसारख्याच विकत घेता येणाऱ्या फंडामध्ये) एकरकमी घालावी का आणि त्यासाठी कोणता ईटीएफ निवडावा, हे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यात गेली बावीस वर्षे गुंतवणूक सल्ल्याचे काम करतो. ‘कोणता’ याचे उत्तर मी देणार आहे, पण त्याआधी तुमच्या प्रश्नात दडलेले दुसरे दोन प्रश्न सोडवावे लागतील. नवकल्पनेतून निर्माण होणारा पैसा भागधारकाच्या हाती पोहोचतो का, हा पहिला. आणि जिथे तो पोहोचतो, तो भागधारक होण्याची संधी ईटीएफ तुम्हाला देतो का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नासाठी फार लांब जायला नको. चाकणमधला चहावालाही आज क्यूआर कोड लावून बसतो. २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय ही उदयोन्मुख अर्थव्यवस्थेत घडलेली अलीकडची सर्वांत मोठी नवकल्पना आहे असे माझे ठाम मत आहे. पण तिचा शेअर कुठे विकत मिळतो? यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही नफ्यासाठी स्थापन झालेली संस्थाच नाही आणि ती बाजारात सूचिबद्धही नाही. जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारांवर दुकानदाराकडून घेतले जाणारे शुल्क शून्यावर आणले गेले. व्यवहार ज्या दोन ॲपवरून सर्वाधिक होतात, त्यांपैकी गुगल पे अमेरिकेतल्या गुगलचे आणि फोनपेमध्ये बहुसंख्य हिस्सा अमेरिकेतल्या वॉलमार्टचा. लाभ झाला तो चहावाल्याला, तुम्हाला, मला. आणि तो खराच आहे, पण लाभांश म्हणून तो डिमॅट खात्यात येत नाही.

दुसरे उदाहरण तुमच्या-माझ्या जिल्ह्यातलेच आहे. हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट, १९६६ ची कंपनी, मात्रांच्या संख्येने जगातली सर्वांत मोठी लसनिर्माती. आफ्रिकेतल्या मेंदुज्वरावरची लस एका मात्रेला अर्ध्या डॉलरहूनही कमी किमतीत बनवून २०१० मध्ये बुर्किना फासोत तिचा वापर सुरू झाला, ती लस इथली. कमी किमतीत प्रचंड प्रमाणावर उत्पादन करणे ही उदयोन्मुख देशांची खास नवकल्पना, आणि तिचा इतका उत्तम नमुना क्वचितच दुसरा सापडेल. पण कंपनी कुटुंबाच्या मालकीची आहे, सूचिबद्ध नाही, त्यामुळे ती कोणत्याही निर्देशांकात नाही आणि म्हणून कोणत्याही ईटीएफमध्येही नाही.

तिसरे उदाहरण आफ्रिकेचे, कारण तुम्ही आफ्रिकेचे नाव घेतले आहे. केनियात सफारीकॉमने मार्च २००७ मध्ये एम-पेसा सुरू केले आणि बँकेत खाते नसलेला माणूस साध्या मोबाइलवरून पैसे पाठवू लागला. सफारीकॉम नैरोबीच्या शेअर बाजारात सूचिबद्ध आहे, म्हणजे इथे शेअर तरी आहे. अडचण अशी की निर्देशांक बनवणारी एमएससीआय ही संस्था केनियाला ‘उदयोन्मुख’ गटात धरतच नाही. तो त्याखालच्या ‘फ्रंटियर’ गटात येतो. त्यामुळे त्यांच्या उदयोन्मुख बाजारांच्या निर्देशांकावर चालणारा ईटीएफ घेतला तर एम-पेसा तुमच्या वाट्याला थेट येत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या व्होडाकॉमचा सफारीकॉममध्ये मोठा हिस्सा असल्याने त्या वाटेने आलाच तर कणभर येतो.

आता निर्देशांकाकडे वळू, कारण ईटीएफ म्हणजे शेवटी निर्देशांकाची नक्कल. एमएससीआयचा उदयोन्मुख बाजारांचा निर्देशांक १९८८ पासून आहे आणि आज त्यात २४ देश आहेत. पण त्यातला प्रत्येक शेअरचा भार बाजारमूल्यावर ठरतो, कल्पकतेवर नाही. चीन, तैवान, भारत आणि दक्षिण कोरिया या चार देशांचाच भार तीन चतुर्थांशांच्या आसपास भरतो, आणि तैवानची चिप बनवणारी टीएसएमसी ही एकटी कंपनी एकदशांशाच्या आसपास जागा व्यापते. ब्राझील आणि इंडोनेशियाची जी नावे तुमच्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांचा वाटा उरलेल्या चौथाईतल्या एका कोपऱ्यात असतो. आणखी एक गोष्ट फार कमी लोक तपासतात. दक्षिण कोरियाला एमएससीआय अजून उदयोन्मुख मानते, तर निर्देशांक बनवणाऱ्या एफटीएसई या दुसऱ्या संस्थेने त्याला २००९ मध्येच विकसित देशांत नेले. म्हणजे ‘उदयोन्मुख बाजार’ असे एकच नाव लावणाऱ्या दोन ईटीएफपैकी एकात सॅमसंग ठळकपणे असते आणि दुसऱ्यात ती मुळीच नसते. नावावरून ईटीएफ घेऊ नये, त्याच्या घटकांची यादी उघडून घ्यावा, हे मी प्रत्येकाला सांगतो ते याचसाठी.

वाढीच्या मुद्द्यावर मला थोडे थांबावेसे वाटते, कारण तुमच्या विचाराचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. हाच निर्देशांक डॉलरमध्ये, लाभांश न धरता, ऑक्टोबर २००७ मध्ये १,३३० च्या वर होता आणि २०२४ संपताना १,०७५ च्या आसपास होता. या सतरा वर्षांत चीनची अर्थव्यवस्था कितीतरी पटींनी मोठी झाली, भारतात मोबाइल आणि महामार्ग सर्वदूर पोहोचले, आणि तरीही निर्देशांक सुरुवातीच्या पातळीखालीच राहिला. (२०२५ मध्ये तो चांगला वर आला, पण सतरा वर्षे थांबण्याची तयारी किती जणांची असते, हे मी जवळून पाहिले आहे.) २००७ चा भाव आधीच फार महाग होता, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे: वाढणाऱ्या देशात भांडवलाची भूक मोठी असते, कंपन्या पुन्हा पुन्हा नवे शेअर विकून पैसा उभारतात, त्यामुळे एकूण नफा वाढला तरी प्रत्येक शेअरच्या वाट्याचा नफा त्या मानाने वाढत नाही. शिवाय बरीच वाढ नव्याने आलेल्या कंपन्यांत होते, जिच्यात जुन्या भागधारकाचा हिस्सा नसतो. फ्लोरिडा विद्यापीठाचे जे रिटर यांनी २००५ मध्ये अनेक देशांचा शतकभराचा हिशेब मांडून दाखवले होते की देशाची दरडोई वाढ आणि तिथल्या शेअरचा परतावा यांची सांगड आपण समजतो तशी बसत नाही, उलट ती किंचित विरुद्ध दिशेचीच दिसते.

मग रुंद निर्देशांक सोडून थेट ‘नवकल्पना’ या विषयावरचा ईटीएफ घेतला तर? तोही प्रयोग होऊन गेला आहे. चिनी इंटरनेट कंपन्यांवरचा केडब्ल्यूईबी हा अमेरिकेत सूचिबद्ध असलेला ईटीएफ फेब्रुवारी २०२१ मध्ये १०० डॉलरच्या वर गेला होता आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तो २० डॉलरच्या खाली होता. या वीस महिन्यांत चीनमधल्या लोकांनी ऑनलाइन खरेदी सोडली नाही की वीचॅट हे संदेशांचे ॲप वापरणे थांबवले नाही. घसरणीमागे सरकारच्या कारवाया होत्या. त्याआधीच नोव्हेंबर २०२० मध्ये अलीबाबाशी जोडलेल्या अँट ग्रुप या वित्तकंपनीची समभाग विक्री ऐन वेळी थांबवली गेली, एप्रिल २०२१ मध्ये अलीबाबाला १८ अब्ज युआनहून अधिक दंड झाला, जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमावण्यास बंदी आली. त्यात भर म्हणजे यांतल्या अनेक कंपन्यांमध्ये परदेशी भागधारकाकडे मूळ चिनी कंपनीची मालकी नसतेच. त्याच्याकडे केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर असतो आणि ती कंपनी करारांच्या दोऱ्यांनी मूळ व्यवसायाशी बांधलेली असते. उदयोन्मुख देशात गुंतवणूक करताना कंपनीइतकेच तिथल्या राज्यसंस्थेचे वागणे तुम्ही विकत घेत असता. रशियाचे शेअर मार्च २०२२ मध्ये एमएससीआयच्या निर्देशांकातून जवळजवळ शून्य भावाने काढून टाकले गेले, हे तर आपल्या डोळ्यांदेखत घडले.

हे सगळे वाचून मी तुम्हाला परावृत्त करतो आहे असे वाटेल, पण माझा रोख तसा नाही. रुंद निर्देशांकाचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो आणि तो एका उदाहरणाने सांगतो. दक्षिण आफ्रिकेत नॅस्पर्स नावाची १९१५ साली निघालेली वृत्तपत्र कंपनी आहे. तिने २००१ मध्ये टेन्सेंट या तेव्हा कोणाला फारशा ठाऊक नसलेल्या चिनी इंटरनेट कंपनीत सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर घालून ४६.५ टक्के हिस्सा घेतला. टेन्सेंट तेव्हा सूचिबद्धही नव्हती. ती हाँगकाँगच्या बाजारात आली २००४ मध्ये. पुढे त्या एका हिश्शाची किंमत नॅस्पर्सच्या इतर सर्व व्यवसायांना झाकोळून गेली. त्या वेळी कोणी ‘नवकल्पना ईटीएफ’ काढला असता तर त्यात जोहान्सबर्गच्या बाजारातली वृत्तपत्र कंपनी घेतली असती का? मला नाही वाटत. रुंद निर्देशांकात मात्र ती आधीपासून होती, आणि तो घेऊन स्वस्थ बसलेल्या माणसाला ती आपोआप मिळाली. टीएसएमसीचेही तसेच. १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी ‘आम्ही आमची स्वतःची चिप विकणार नाही, दुसऱ्यांनी आखलेली चिप बनवून देऊ’ अशी व्यवसायाची नवी रीत तैवानमध्ये सुरू केली. तुमच्या चाकणमध्ये जॉब वर्क म्हणतात, तीच ही कल्पना, पण इतक्या अचूकतेला नेलेली की आज जगातले चिप आखणारे तिच्या दाराशी उभे असतात.

अर्थात याची किंमतही मोजावी लागते. झोमॅटोची समभाग विक्री जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना झाली, वर्षभरात भाव ४० च्या आसपास घसरला, आणि निफ्टी ५० मध्ये ती कंपनी दाखल झाली मार्च २०२५ मध्ये, भाव २०० च्या आसपास असताना. निफ्टीचा ईटीएफ धरून बसलेल्याने मधली पडझड सोसली नाही, पण ४० पासून २०० पर्यंतची चढणही त्याच्या हाती लागली नाही. कंपनी टिकते हे सिद्ध झाल्यावर निर्देशांक ती घेतो. तुमच्यासारख्या, दिवसभर कारखान्यात असणाऱ्या माणसासाठी हा सौदा मला योग्य वाटतो.

येथवरचे सार एवढेच की नवकल्पनेचा मोठा भाग शेअर बाजारात येतच नाही, जो येतो तो उशिरा आणि बऱ्याचदा महाग येतो, आणि तो पकडायचा तर विषयनिष्ठ अरुंद ईटीएफपेक्षा रुंद ईटीएफ अधिक भरवशाचा.

आता तुमच्या परिस्थितीकडे येतो. तुम्ही स्वतः एका उदयोन्मुख अर्थव्यवस्थेत राहता, ही गोष्ट तुमच्या प्रश्नात कुठेच आलेली नाही. तुमचा पगार भारतीय वाहन उद्योगावर अवलंबून, घर चाकण परिसरात, भविष्य निर्वाह निधी भारतात. ऑगस्ट २०१५ पासून हा निधी सांभाळणारी ईपीएफओ आपल्या नव्या जमेचा काही भाग निफ्टी आणि सेन्सेक्सवरच्या ईटीएफमध्ये घालते, म्हणजे अप्रत्यक्षपणे तुमचा ईटीएफशी संबंध आधीच जडलेला आहे. न्यू यॉर्कमधल्या गुंतवणूकदाराला ‘उदयोन्मुख बाजार’ ही विविधता असते. तुमच्यासाठी तो बराचसा घरचाच धोका दुसऱ्या नावाने घेण्याचा प्रकार ठरू शकतो, कारण त्या निर्देशांकात भारताचाही ठसठशीत वाटा असतो. तुम्हाला जे कमी आहे ते तैवान-कोरियाची चिप आणि विकसित देशांतल्या कंपन्या.

ते मिळवण्याच्या वाटा दोन. भारतीय बाजारात परदेशी निर्देशांकांवरचे मोजके ईटीएफ सूचिबद्ध आहेत, ही पहिली. इथे एक खड्डा आहे आणि त्यात माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा पाय मुरगळलेला मी पाहिला आहे. आपल्या म्युच्युअल फंडांना परदेशी गुंतवणुकीसाठी एकत्रित ७ अब्ज डॉलरची आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळी १ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आल्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२४ पासून नव्या पैशांना लगाम घातला गेला. एरवी ईटीएफचा भाव त्याच्या मूळ मूल्यापेक्षा वर गेला की मार्केट मेकर (ईटीएफची सतत खरेदी-विक्री करणारा दलाल) फंड हाऊसकडून नवी युनिट तयार करून घेतो आणि बाजारात विकतो, त्यामुळे भाव खाली येतो. नवी युनिट तयार होणेच थांबले, की हा नळ बंद. मग घेणारे वाढले की भाव नुसता चढत राहतो. या शिक्षकांनी मला मोबाइलवर खरेदी दाखवली तेव्हा एका बाजूला त्यांचा खरेदीभाव होता आणि दुसऱ्या बाजूला मी फंड हाऊसच्या संकेतस्थळावर त्या युनिटचे क्षणोक्षणीचे मूल्य, म्हणजे आय-एनएव्ही, उघडले. दोहोंत जवळजवळ पाचव्या हिश्शाचा फरक होता. शंभराची वस्तू एकशेवीसला घेतली, तर आतले शेअर वीस टक्के वाढूनही अधिमूल्य (मूळ मूल्याहून जास्त मोजलेला भाव) विरले की नफा शून्य येतो. त्यांनी वर्षभर निर्देशांक वाढताना पाहिला आणि आपली रक्कम तिथेच का, हे त्यांना कळत नव्हते. ते पुन्हा पुन्हा ‘मी चुकीचा निर्देशांक निवडला का?’ असे विचारत होते. निर्देशांक बरोबर होता, भाव चुकीचा होता.

म्हणून खरेदीपूर्वी आय-एनएव्ही उघडा. भाव त्याहून एक टक्क्याच्या आत असेल तरच पुढे जा. घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावांची पाच ओळींची खिडकी पाहा. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा सर्वांत वरचा भाव एकमेकांपासून दूर असतील आणि समोर पन्नास-शंभर युनिट उभी असतील, तर तो ईटीएफ तुमच्या रकमेला झेपणारा नाही. ऑर्डर नेहमी स्वतःचा भाव टाकून, म्हणजे लिमिट ऑर्डर द्या, आणि बाजार उघडल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे सोडा.

दुसरी वाट परदेशी ब्रोकरमार्फत थेट बाहेर पैसे पाठवण्याची. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परवानगी आहे आणि गुंतवणुकीसाठी १० लाख रुपयांपर्यंत पाठवल्यास उगमाशी कर गोळा होत नाही, तेव्हा रकमेची अडचण नाही. पण अमेरिकेत सूचिबद्ध ईटीएफच्या लाभांशातून २५ टक्के कर तिथेच कापला जातो, विवरणपत्रात शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावे लागते, आणि तिथली मालमत्ता ६० हजार डॉलरच्या वर गेल्यास मृत्यूनंतर वारसांना अमेरिकेच्या इस्टेट टॅक्सला तोंड द्यावे लागू शकते. आयर्लंडमध्ये नोंदलेले ईटीएफ घेतले तर हा शेवटचा प्रश्न उद्भवत नाही. तुमची रक्कम त्या मर्यादेपासून दूर आहे, तरी १५ वर्षांचा विचार आहे म्हणून सांगितले.

तुमच्या जागी मी असतो तर ९ लाखांपैकी सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवले असते, कारण वाहन उद्योगात मंदी आली तर नोकरी आणि शेअर एकदमच हलतात. उरलेल्यांतला निम्म्याहून अधिक भाग निफ्टी ५० किंवा त्याहून रुंद भारतीय निर्देशांकावरच्या मोठ्या ईटीएफमध्ये घातला असता. भारतातला पहिला ईटीएफ, डिसेंबर २००१ चा निफ्टी बीज, निफ्टीच्या एकदशांश किमतीचा असे, आता २०१९ च्या विभाजनानंतर साधारण शतांश किमतीचा आहे, त्यामुळे छोट्या रकमेतही तो घेता येतो, आणि या गटात वार्षिक खर्च शंभर रुपयांमागे पाच पैशांच्या आसपास उतरला आहे. सुमारे तिसरा हिस्सा भारताबाहेर, पण अधिमूल्य नसेल तेव्हाच, नाहीतर त्या महिन्याची खरेदी पुढे ढकलून. ‘नवकल्पना’ नावाच्या विषयनिष्ठ ईटीएफला दहा टक्क्यांहून अधिक नाही. बाजार नियामक सेबीच्या २०१९ च्या नियमानुसार अशा निर्देशांकात किमान दहा शेअर असले की पुरते आणि एका शेअरचा भार ३५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, हे ध्यानात घेऊन.

एकरकमी की हप्त्याने, याचे उत्तर तुमच्या स्वभावावर आहे. आकडेवारीने पाहिले तर एकरकमी बहुधा पुढे राहते, पण केडब्ल्यूईबीसारखी घसरण पहिल्याच वर्षी आली तर तुम्ही घाबरून विकाल का, हे तुम्हालाच ठाऊक. शंका असेल तर बारा ते अठरा महिन्यांत समान भागांत घाला. आणि घरकर्जाचा व्याजदर तुम्ही लिहिलेला नाही. तो नऊ टक्क्यांच्या वर असेल, तर या रकमेचा काही भाग आधी मुद्दल कमी करण्यासाठी वापरणे मी सुचवेन, आणि वरची सगळी विभागणी त्यानंतर उरलेल्या रकमेची धरावी लागेल. दर आणि उरलेली वर्षे कळवा, म्हणजे तो हिशेब मांडून देतो.